सेकंड माल

धोटा हे नाव मीच ठेवलं.
कारखान्याच्या दारातून घरी, घरून दारात,
दिवसभर जा-ये. लूमवरचा धोटा तरी
पाळी संपली की थांबतो. हा नाही.

मागचा डावा पाय टेकेना, तेव्हा हळद-तेल लावलं.
गुडघ्यावरची गाठ आधी लिंबाएवढी होती.
दत्तनगरातले सगळे वैद्य झाले:
मुरगळलाय. कुणी दगड मारला असेल. उतरेल.
डॉक्टर हत्तुरेंनी फोटोवर बोट ठेवलं.
हाड म्हणजे वाळवी लागलेली चौकट.
पाय काढावा लागेल, म्हणाले, मांडीपासून सगळा.
नंतर सुया. तीन-तीन आठवड्यांनी, चार.
मग? मी विचारलं.
मग एक वर्ष. कधी जास्त. कधी नाही.

मी जॉबर माणूस.
बंद पडलेल्या लूमपुढं उभं राहिलं
की कुठला पार्ट काढायचा ते कळतं.
त्या दिवशी रिक्षात त्याचं डोकं मांडीवर घेऊन
अक्कलकोट रोडनं येताना
काही म्हणता काही कळत नव्हतं.

राजमणी विड्या वळत होती, सूप मांडीवर.
कुत्र्याला कधी नावानं हाक न मारलेली बाई.
'ए कुक्का' म्हणायची, आमच्या तेलुगूत,
म्हणजे नुसतं कुत्रा.
वळता वळता म्हणाली, भिशी लागलीय या महिन्यात.
वॉशिंग मशीनचं काय, हात आहेत की अजून.
वर बघितलं नाही. पान कातरत राहिली.

एकवीस टाके. मोजले मी,
तुटलेल्या तारा मोजायची सवयच आहे.
काढलेला पाय कुठं ठेवलात,
विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.
त्याच पायात एकदा मांजा अडकला होता,
अर्धी रात्र सोडवत बसलो होतो मी.

घरची फरशी गुळगुळीत.
उठायला जाई, घसरून पडे,
आणि आमच्याकडे असं बघे
की आम्हीच त्याचं काही उचलून नेलंय.
नेलंच होतं.
मग कारखान्यातनं सेकंड माल आणला,
काठ चुकलेल्या चादरी, मोर उलटा विणलेली एक,
उंबऱ्यापासून मोरीपर्यंत अंथरल्या.
पोटाखालून टॉवेल घालून, दोन्ही टोकं धरून,
त्याला बाहेर न्यायचं.
शेजारचे मल्लय्या म्हणाले, कशाला जनावराचे हाल?
एक सुई, आणि सुटला असता.
मी गप्प बसलो. रात्री तो कण्हायचा
तेव्हा मलाही तेच वाटायचं.

मे महिना. पत्रा तापलेला. पाणी पाचव्या दिवशी,
तरी एक घागर त्याच्या नावाची.
सुईनंतर दोन दिवस सगळं ओकायचा.
शेंगाचटणीच्या वासानं धावत येणारा कुत्रा
दहीभाताकडं पाठ करून झोपायचा.

लूममध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला
ठोका चुकला की जाग येते.
एका पहाटे आली.
चादरी संपतात त्याच्या पुढं, मोरीजवळ,
नखं वाजत होती फरशीवर:
टक, टक-टक. टक, टक-टक.
मी उठायला लागलो. राजमणीनं
अंधारातच माझा दंड धरला.
ती आधीपासून जागी होती.

आता सात महिने झाले.
छातीचा परवाचा फोटो स्वच्छ.
पुढचा गड्ड्याच्या यात्रेआधी. त्याच्या पुढचं
मी कॅलेंडरवर लिहीत नाही.
विजेचा खांब डाव्या अंगाला घेऊन उभा राहतो,
पाय उचलायची कटकटच नाही.
गल्लीतली पोरं हसतात. हसू देत.

फक्त डावा कान खाजला
की मान वाकडी करून डोळे मिटतो,
आणि कमरेजवळची कातडी भराभर हलते.
नसलेला पाय खाजवतोय.
मी असलो तर कानामागं बोटं घालतो,
त्याच लयीत.
मी पाळीवर असलो तर ती. 'ए कुक्का, थांब.'
तंबाखूच्या बोटांचा वास, तो शिंकतो.
कान मात्र काढून घेत नाही.